वार्षिक आपत्ती सरावात पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका आणि महसूल यांना खऱ्या अर्थाने एकत्र कसे आणावे?

घाटाखाली (प्रश्न)

नमस्कार. रायगड जिल्ह्यातील एका औद्योगिक वसाहतीत, मध्यम आकाराच्या रसायन कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी आहे. आमच्या वसाहतीतील कारखान्यांचा परस्पर साहाय्य गट, ज्याला आपण सगळे ‘मार्ग’ म्हणतो, त्याचे सचिवपदही गेल्या वर्षापासून माझ्याकडे आहे. १९८९ च्या घातक रसायनविषयक नियमांप्रमाणे कारखान्याच्या आतील आपत्कालीन योजनेचा सराव दर सहा महिन्यांनी आणि कारखान्याबाहेरील योजनेचा सराव वर्षातून किमान एकदा घ्यावा लागतो. आतला सराव आमच्या हातात असल्यामुळे तो आम्ही मनापासून करतो. बाहेरच्या सरावात मात्र पोलीस, वसाहतीचे आणि नगरपालिकेचे अग्निशमन दल, १०८ च्या रुग्णवाहिका, ग्रामीण रुग्णालय, तहसील कार्यालय आणि क्वचित सुदुंबऱ्याहून येणारी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी असे अनेक जण असतात, आणि तिथेच सगळे ढिले पडते.

गेल्या वर्षीचा सराव अकरा वाजता ठरला होता. दहालाच सगळी वाहने फाटकाबाहेर रांगेत उभी होती. अकराला पिवळा धूर सोडला, भोंगा वाजला, बंब दोन मिनिटांत आत आला, दोन ‘जखमी’ स्वतःच स्ट्रेचरवर जाऊन पडले आणि पस्तीस मिनिटांत सगळे आटोपून चहापान झाले. अहवालात ‘सराव यशस्वी’ असे लिहिले गेले. मी बाजूला उभा राहून जे पाहिले ते त्या अहवालात कुठेच नव्हते. ज्या फाटकातून रुग्णवाहिका आल्या, ते त्या दिवशीच्या वाऱ्याच्या दिशेने पाहता थेट वायूच्या वाटेवर होते. पोलिसांचे वायरलेस आणि अग्निशमन दलाचे वॉकीटॉकी एकमेकांशी बोलू शकत नव्हते, त्यामुळे निरोप मोबाइलवर आणि तेही एकमेकांचे क्रमांक शोधून दिले जात होते. घटनास्थळी प्रमुख कोण, हे मी तीन अधिकाऱ्यांना विचारले आणि मला तीन उत्तरे मिळाली.

या वर्षी क्लोरिनच्या ९०० किलोच्या टोनरमधून, म्हणजे द्रवरूप क्लोरिन साठवण्याच्या मोठ्या आडव्या टाकीतून, गळती, असा प्रसंग घ्यावा असा आमचा विचार आहे. उणिवा उघड व्हाव्यात, पण कोणत्याही खात्याला आपला अपमान झाला असे वाटू नये, अशी आखणी कशी करावी? घटनास्थळाचे नेतृत्व कोणाकडे असावे? आणि सरावाची वेळ व तपशील आधी कितपत सांगावेत? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

---

निवृत्त अग्निशामक

आपण जे पाहिले आणि इतक्या स्पष्टपणे लिहिले, त्यातच निम्मे काम झाले आहे. अग्निशमन सेवेतील तीस वर्षांत मी असे अनेक सराव पाहिले आणि त्यांतील काहींत मीही तो दोन मिनिटांत पोहोचणारा बंब होतो, म्हणून हे उत्तर थोडे लांबणार आहे.

नेतृत्वाचा प्रश्न प्रथम घेतो, कारण बाकी सगळे त्यावर उभे आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, आणि राष्ट्रीय प्राधिकरणाने २०१० साली दिलेल्या घटना प्रतिसाद प्रणालीत घटनास्थळी एकच ‘इन्सिडन्ट कमांडर’ असावा असे स्पष्ट म्हटले आहे. पण हा कमांडर बंबाचा नळ धरत नाही. वायूच्या क्षेत्रात कोण जाईल आणि कोण जाणार नाही, हे अग्निशमन अधिकारी ठरवतो. बाहेरचे रस्ते, गर्दी आणि बंदोबस्त पोलिसांचा. रुग्णांची वर्गवारी आरोग्य खात्याची. आणि या सर्वांना एका टेबलाभोवती उभे करून निर्णयांची सांगड घालणे हे प्रांताधिकारी किंवा तहसीलदारांचे काम. वाद होतो तो हे टेबल नसल्यामुळे. आपल्या सरावात पहिल्या पंधरा मिनिटांत वाऱ्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे वारा जिकडून येतो तिकडे, एक संयुक्त नियंत्रण ठिकाण उभे राहिले का आणि प्रत्येक खात्याचा निर्णय घेऊ शकणारा माणूस तिथे पायी येऊन उभा राहिला का, एवढे एकच तपासले तरी सराव सार्थकी लागेल. वायरलेस जुळत नसतील तर माणसे जवळ उभी राहिली पाहिजेत. याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

आता क्लोरिनविषयी. हा वायू हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असल्यामुळे तो जमिनीलगत सरकतो, नाल्यात, खड्ड्यात, तळघरात साचतो, आणि द्रवरूपात बाहेर आला तर एका मापाचे साडेचारशेहून अधिक मापे वायू होतो. म्हणून टोनरची गळती द्रवाच्या बाजूला असेल तर टोनर फिरवून गळतीची जागा वर आणणे, जेणेकरून द्रवाऐवजी वायू बाहेर येईल, हे पहिले काम असते. गळतीवर थेट पाणी मारू नये, कारण ओला क्लोरिन धातू झपाट्याने खातो आणि भोक मोठे होते. पाण्याचा पडदा धरायचा तो दूर, वायूच्या वाटेत. आपल्या कारखान्याच्या माणसाला हे पाठ असते, पण नगरपालिकेच्या बंबावरील जवानाला ते कदाचित कोणी सांगितलेलेच नसते. संयुक्त सरावात खरी देवाणघेवाण व्हायला हवी ती इथे. टोनरची गळती बंद करण्याची किट कोणाकडे आहे, ती बसवण्याचा हात कोणाला आहे, बी.ए. सेट, म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरमधून श्वास घेण्याचे संच, किती आहेत, त्यांचे सिलिंडर किती मिनिटे चालतात आणि दुसरा संच कुठून येणार, हे त्या दिवशी प्रत्यक्ष वापरून पाहावे. जुलै २०१० मध्ये मुंबईत शिवडीजवळच्या हाजी बंदरात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या सिलिंडरमधून क्लोरिन सुटला तेव्हा बाधितांमध्ये अग्निशमन दलाचे जवानही होते, हे आमच्या पिढीतील कोणी विसरलेले नाही.

वाऱ्याबद्दल आपण लिहिलेत, त्यात एक भर घालतो. कोकणात पावसाळ्याबाहेर दिवसा वारा समुद्राकडून येतो आणि रात्री बऱ्याचदा उलटतो. दुपारी अकराला आखलेला नकाशा रात्री अकराला उलटा पडतो, आणि तरीही आपले जवळजवळ सगळे सराव दुपारी अकरालाच होतात. एकदम रात्रीचा सराव जमणार नसेल तर निदान टेबलावरील चर्चेत रात्रीचा प्रसंग घ्यावा.

आणि अपमानाचे म्हणाल, तर त्यावर एक जुना उपाय आहे. प्रत्यक्ष सरावाच्या दोन-तीन आठवडे आधी नकाशा पसरून सर्व खात्यांची टेबल टॉप बैठक घ्या आणि त्यात बंद पाकिटे ठेवा. दर दहा मिनिटांनी एक पाकीट उघडायचे: ‘मुख्य फाटक वायूखाली गेले’, ‘तहसीलदारांचा फोन लागत नाही’, ‘शाळा सुटण्याची वेळ झाली’. पाकीट कोणत्याही खात्याचे नसते, त्यामुळे उत्तर सुचले नाही तरी कोणाची मान खाली जात नाही, आणि जी भोके तिथे दिसतात ती सरावाच्या दिवसापर्यंत ज्याची त्याने बुजवलेली असतात.

सरावाच्या दिवसासाठी दोन गोष्टी मात्र सोडू नका. प्रत्येक निरोपाची सुरुवात ‘सराव, सराव’ अशी झाली पाहिजे. आणि त्याच वेळी खरा अपघात घडला तर सगळे थांबवणारा एक ठरलेला शब्द प्रत्येकाला माहीत असला पाहिजे.

---

तालुक्याचा डॉक्टर

वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे, फक्त सगळा विचार घटनास्थळाभोवती फिरतो आहे आणि रुग्णालय शेवटच्या ओळीत येते, तसे होऊ नये म्हणून लिहितो.

सरावात रुग्ण नेहमी रुग्णवाहिकेतून, एकेक करून, नाव लिहिलेली चिठ्ठी लावून येतात. खऱ्या घटनेत पहिले रुग्ण रिक्षा, टेंपो आणि मोटारसायकलवरून, कोणीही न तपासलेले, असे येतात, आणि बहुधा ते चालू शकणारे, म्हणजे वर्गवारीत ‘हिरवे’ असतात. त्यांनी खाटा भरल्यावर मागून ‘लाल’, म्हणजे गंभीर रुग्ण, येतो. टोकियोच्या भुयारी रेल्वेत २० मार्च १९९५ रोजी सरिन वायू सोडला गेला तेव्हा एकट्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात त्या दिवशी ६४० रुग्ण पोहोचले. त्यांतील बहुसंख्य रुग्णवाहिकेने आले नव्हते, आणि कपडे न उतरवता आत घेतलेल्या रुग्णांमुळे रुग्णालयातील अनेक कर्मचाऱ्यांनाही लक्षणे जाणवली. आपल्या सरावात दहा स्वयंसेवकांना, रुग्णवाहिकेच्या आधी, सांगितल्याशिवाय थेट रुग्णालयाच्या दारात पाठवून पाहा. दारावरचा सुरक्षारक्षक काय करतो, तिथपासून शिकण्यासारखे आहे.

क्लोरिनच्या बाबतीत वायूच लागला असेल तर कपडे उतरवणे आणि मोकळी हवा महत्त्वाची. द्रव अंगावर उडाला असेल तर भरपूर पाण्याने धुणे आवश्यक आहे, डोळे तर लगेच. फुप्फुसांत पाणी होण्याचा त्रास काही तास उशिराही सुरू होऊ शकतो, म्हणून ‘बरे वाटते आहे’ म्हणणाऱ्या, पण जास्त वायू लागलेल्या माणसाला घरी सोडणे धोक्याचे असते. हे सगळे मला माहीत असून उपयोग नाही, जर वायू क्लोरिन आहे हेच मला कळले नाही. १९८४ च्या डिसेंबरमध्ये भोपाळच्या डॉक्टरांवर नेमकी हीच वेळ आली होती. हजारो माणसे दारात आणि वायू कोणता, त्यावर उपचार कोणता, याची धड माहिती नाही. त्या घटनेनंतर आपल्याकडचे घातक रसायनांविषयीचे हे नियम आले. तरीही मी ज्या रुग्णालयात आहे, तिथे आसपासच्या कारखान्यांत कोणती रसायने साठवली जातात याची यादी मी मागितली, तेव्हा ती मिळायला चार महिने लागले. म्हणून सरावात घड्याळ लावून मोजा, की भोंगा वाजल्यापासून रसायनाचे नाव रुग्णालयातील ड्यूटीवरच्या डॉक्टरपर्यंत पोहोचायला किती मिनिटे लागली. माझ्या दृष्टीने बंब किती मिनिटांत आला यापेक्षा हा आकडा मोलाचा आहे.

---

उत्तर इंग्लंडहून

मी मूळचा सांगलीचा. इंग्लंडमध्ये रुग्णवाहिका सेवेत काम करतो. या देशाने या विषयात चांगले नाव मिळवले आहे आणि मोठी चूकही केली आहे. आपल्याला चूक जास्त उपयोगी पडेल, म्हणून तीच सांगतो.

पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांनी एकत्र काम करावे यासाठी इथे २०१२ साली ‘जेसिप’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. त्याची तत्त्वे साधी आहेत: एका जागी उभे राहा, साध्या भाषेत बोला, समन्वय ठेवा, धोका मिळून समजून घ्या, आणि सर्वांच्या डोळ्यांसमोर परिस्थितीचे एकच चित्र असू द्या. निवृत्त अग्निशामक साहेबांनी टेबलाविषयी जे लिहिले तेच हे. पहिल्या निरोपासाठी ठरलेला क्रमही सर्वांना पाठ असतो: मोठी घटना जाहीर केली का, नेमके ठिकाण, प्रकार, धोके, येण्याजाण्याचा मार्ग, बाधितांचा अंदाज, आणि कोण आले आहे व कोण हवे आहे. आपण हे मराठीत छापून प्रत्येक गाडीत चिकटवू शकता, त्याला काही खर्च नाही.

आता चूक. मे २०१६ मध्ये मँचेस्टरच्या ट्रॅफर्ड सेंटर या मोठ्या बाजारसंकुलात ‘विंचेस्टर अकॉर्ड’ हा मोठा संयुक्त सराव झाला. त्यात एक गोष्ट दिसली: पोलीस नियंत्रण कक्षातील ज्या एका अधिकाऱ्यावर सुरुवातीची सगळी जबाबदारी होती, त्याच्यावर इतका भार पडला की इतर सेवांपर्यंत माहिती वेळेत गेली नाही. एका वर्षाने, २२ मे २०१७ च्या रात्री १० वाजून ३१ मिनिटांनी मँचेस्टर अरीनामध्ये बॉम्बस्फोट झाला आणि २२ जणांचा जीव गेला. त्या रात्री त्याच पदावरच्या अधिकाऱ्याचा फोन सतत व्यग्र होता. सशस्त्र हल्लेखोर असण्याच्या शंकेवरून त्याने ठरलेली योजना जाहीर केली, पण ते रुग्णवाहिका आणि अग्निशमन सेवेला कळवले गेले नाही. कोणी कुठे जमायचे याची ठिकाणेही वेगवेगळी ठरली. अग्निशमन केंद्र अर्ध्या मैलावर असताना गाड्या तीन मैल दूर जमवल्या गेल्या आणि प्रत्यक्ष घटनास्थळी त्या दोन तासांहून अधिक उशिरा पोहोचल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर जॉन साँडर्स यांच्या चौकशी अहवालाने हे सगळे तपशिलाने मांडले.

तो सराव खोटा नव्हता. त्याने दोष बरोबर दाखवला होता, पण सापडलेला दोष दुरुस्त करण्याची जबाबदारी पुरी झाली नाही. म्हणून आपल्याला माझी कळकळीची विनंती आहे, की सराव संपल्यावर त्याच जागी, त्याच तासाभरात सर्वांना बसवून प्रत्येक उणीव, ती दूर करणारे पद आणि तारीख असे लिहून घ्या आणि पुढचा सराव त्याच कागदावरून सुरू करा. आमच्या सेवेत त्या रात्री कामावर असलेल्या सहकाऱ्यांशी बोललो की हा कागद किती मोलाचा असतो ते कळते.

---

वाडीवरची

मी अधिकारी नाही. औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या गावाची पाच वर्षे सरपंच होते, म्हणून लिहिते आहे.

सरपंच असताना पहिली दोन वर्षे मला हे माहीतच नव्हते की १९९६ च्या रासायनिक अपघातविषयक नियमांप्रमाणे प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली एक स्थानिक क्रायसिस ग्रुप असतो, त्यात गावाच्या प्रतिनिधीला, म्हणजे सरपंचालाही, जागा असते, आणि त्याची बैठक दर महिन्याला व्हायची असते. हे कळल्यावर मी बैठकीला जाऊ लागले. तिथे प्रथमच कोणीतरी मला विचारले, की भोंगा वाजला तर गाव काय करते. मी खरे ते सांगितले: भोंगा पाळी बदलतानाही वाजतो, त्यामुळे गाव काहीच करत नाही.

घाटाखाली भाऊ, आपल्या सरावाची ‘बाहेरची’ बाजू म्हणजे आमची घरे आहेत. गळती झाली तर दारेखिडक्या लावून, फटींत ओले फडके भरून आत थांबायचे, की वाऱ्याला आडवे चालत दूर निघायचे, हे कोण सांगणार आणि कोणत्या भाषेत? आमच्या चाळींत भाड्याने राहणारे कंत्राटी कामगार बिहार, ओडिशाकडचे आहेत; मराठीतली दवंडी त्यांना कळत नाही. अंगणवाडी ओढ्याच्या काठावर सखल जागी आहे, आणि वर वाचले की वायू सखल जागी साचतो, तेव्हा पोटात गोळा आला. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा अंधारात, पावसात आधी धावले ते जवळचे गावकरी आणि डोंगर ओळखणारी ट्रेकर मुले. मोठी यंत्रे तर वर चढूच शकली नाहीत. आमची माणसे धावणारच आहेत. त्यांना वायूत कुठपर्यंत धावायचे नाही, हे आधी शिकवा.

---

घाटाखाली

आपणा सर्वांचे मनापासून आभार. ही सगळी उत्तरे छापून मी काल ‘मार्ग’च्या बैठकीत वाचून दाखवली आणि काही गोष्टी तिथेच ठरल्या. आधी बंद पाकिटांची टेबल टॉप बैठक होईल, आणि त्यात एक प्रसंग रात्रीचा, उलट्या वाऱ्याचा असेल. प्रत्यक्ष सरावाचा आठवडा सर्व खात्यांना कळवला जाईल, पण दिवस आणि तास फक्त जिल्हाधिकारी कार्यालय व आम्ही दोघे-तिघे एवढ्यांनाच माहीत असतील, आणि वाहने आपापल्या ठाण्यावरूनच निघतील. शेजारच्या वसाहतीतील सुरक्षा अधिकारी घड्याळ आणि वही घेऊन सहा ठिकाणी उभे राहतील. त्यांपैकी एक जण रुग्णालयाच्या दारात असेल.

ताई, आपल्या पोस्टनंतर मी आमच्या भोंग्याची चौकशी केली. आपण म्हणता तेच खरे आहे. पाळीचा आणि धोक्याचा भोंगा एकच असून फक्त लांबीत फरक आहे, आणि तो फरक कारखान्यातील जुन्या कामगारांनाही नीट सांगता आला नाही. पाळीचा भोंगा बंद करून तिथे घंटा बसवण्याचा प्रस्ताव मी व्यवस्थापनाकडे दिला आहे. आपल्या सोयीने एका रविवारी गावात येऊन मराठीत आणि हिंदीत बोलायची माझी तयारी आहे, अंगणवाडीची जागाही त्याच वेळी पाहीन.

डॉक्टर, एक शंका उरली आहे. दहा स्वयंसेवक न सांगता रुग्णालयात पाठवले आणि त्या वेळी तिथे खरा गंभीर रुग्ण असेल, तर आपल्यामुळे त्याच्या उपचारात अडथळा येईल. हे कसे टाळावे?

---

तालुक्याचा डॉक्टर

शंका योग्य आहे. वैद्यकीय अधीक्षकांना आधी विश्वासात घ्या आणि सराव थांबवण्याचा अधिकार त्या दिवशी ड्यूटीवर असलेल्या परिचारिका प्रमुखांना द्या. त्यांनी तो ठरलेला शब्द उच्चारला की स्वयंसेवकांनी एकही प्रश्न न विचारता आवाराबाहेर निघून जायचे. बाह्यरुग्ण विभागाची सकाळची वेळ आणि बाजाराचा दिवस टाळा. आमच्याकडे दाराबाहेर धुण्यासाठी एकच नळ आहे आणि त्याला दुपारी पाणी नसते, हे मात्र सरावाची वाट न पाहता मी आजच पत्राने कळवतो आहे.